गोळी कधी घ्यायची?

एचआयव्ही कसा होतो हे तुम्ही शाळेत ऐकलं आहे. आज फक्त एका गोळीच्या वेळेबद्दल बोलू.

१ एप्रिल २००४ पासून देशात सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. आपल्या गोंदियात ती के.टी.एस. रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात मिळतात. तरी डोस चुकतात. कारण बऱ्याचदा साधंच असतं: गोळीनं गरगरतं, मळमळतं, झोप उडते. राईस मिलमध्ये रात्रपाळी करणारा मग म्हणतो, आज राहू दे. असे डोस चुकत गेले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

पूर्वीची एफाव्हिरेंझ असलेली गोळी झोपताना देत. ती घेतल्यावर चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची. झोपेत ते निभून जायचं. तेलकट जेवणावर घेतली तर औषध रक्तात जास्त चढायचं, म्हणून जेवणानंतर दोन तास थांबायला सांगत. ‘ही गोळी रात्रीचीच’ हा समज तिथला. २०२० नंतर बहुतेकांना डोल्युटेग्रॅव्हिर असलेली टीएलडी गोळी मिळू लागली. तिची तऱ्हा वेगळी. काहींची तिनं झोप उडते, त्यांना सकाळची वेळ मानवते. मळमळत असेल तर जेवून घ्यावी. वेळ मात्र रोज एकच.

आता रमजान. दुपारी गोळी घेणाऱ्यानं पहिल्या रोज्याच्या आधीच केंद्रातल्या समुपदेशकाशी बोलून वेळ सहरीवर किंवा इफ्तारवर आणावी. झोपेचा त्रास असेल तर सहरी बरी. इफ्तारच्या वेळेत एक खोच आहे. भजी खाऊन जळजळ झाली की आपण अँटासिड घेतो (घेतोच!). त्यातलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम या औषधाला पोटातच बांधून ठेवतं. म्हणून गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर. भरपेट जेवणासोबत मात्र दोन्ही एकत्र चालतात. गरोदर बहिणींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. अशा वेळी रोजा ठेवायचा का, ते डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुराणातच दिली आहे.

पण खरी अडचण दस्तरखानावर येते. सहरीला सगळं घर जमलेलं असतं आणि कुणीतरी विचारतं, “भाभी, ही कसली गोळी?” भाभी डबी लपवते, त्या दिवशी वेळ टळते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, न्यायालयाच्या आदेशासारखे अपवाद सोडले तर, कुणालाही स्वतःची स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. घरात तुम्ही तरुण आहात. निदान तुम्ही तरी विचारू नका, आणि दुसरं कुणी विचारलं तर विषय बदला.

वेळ चुकलीच, तर आठवताक्षणी घ्यायची. पुढच्या डोसला चार तासांहून कमी उरले असतील तर चुकलेला सोडून द्यायचा. दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत. शंका आली तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.