शाळेचाही नमुना नीट घ्या
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून खतावर आणि विजेवर बोलणे झाले. मला शाळेवर बोलायला सांगितले आहे. पण सुरुवात मी खतापासूनच करतो. सुफला 15:15:15 चे पोते आपल्यापैकी बहुतेकांनी फोडलेले आहे. ते तयार करणारा राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना मुंबईत चेंबूरला आहे. त्याच्या पलीकडे खाडीच्या काठाला माहुल नावाचे गाव आहे. मूळ वस्ती कोळ्या-आगऱ्यांची. 1950 च्या दशकात शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे 2017 मध्ये तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडल्या आणि हजारो कुटुंबे माहुलच्या 72 इमारतींत नेऊन टाकली. तिथली हवा आरोग्याला धोक्याची आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटले होते. लोक विद्याविहारच्या फुटपाथवर धरणे धरून बसले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, माणसांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडे द्या. काही गेले, काही तिथेच राहिले.

राहिलेल्यांत आपल्याकडची माणसेही आहेत. दुष्काळाच्या सालात कोरडवाहू रान पडीक टाकून गेलेली. त्यांच्यातल्या एका नातेवाइकाकडे मी गेलो होतो. संध्याकाळी जिन्याखाली पाच-सहा पालक जमले. मी सहज विचारले, इथली सरकारी शाळा कशी आहे? सहावी-सातवीचे वर्ग बरे चालतात का?

चार तोंडे, चार उत्तरे.

चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई म्हणाली, "दादा, शाळा चांगली आहे. पुस्तकं, दप्तर, रेनकोट फुकट मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. मुख्य म्हणजे पोरगी जवळ आहे. मी कामावरून येईपर्यंत ती कुठे आहे ते मला माहीत असतं."

टेम्पो चालवणारा गडी म्हणाला, "काय चांगली? माझा पोरगा सातवीत, त्याला भागाकार येत नाही. मी काढलं त्याला. गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घातलंय." मी विचारले, आता भागाकार येतो का? तो हसला. म्हणाला, "वही इंग्रजीत आहे साहेब, मला वाचता कुठे येतंय!"

गावठाणातली एक कोळीण होती. ती म्हणाली, "आम्ही सरकारी शाळेतच शिकलो. मास्तर घरी येऊन पोरं उचलून न्यायचे. शाळेचं काय बिघडलंय? बाहेरून एवढी माणसं आणून टाकली, त्याला शाळा काय करणार?"

बाहेरून आणून टाकलेल्यांपैकी एक बाप शेजारीच बसला होता. तो हिंदी बोलणारा. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, पण आपल्या माध्यमाचा वर्ग आपल्या दारात असेलच असे नाही. तो म्हणाला, "पोरगी जुन्या शाळेत बसने जात होती. एक साल गेली. मग भाडं परवडेना, आईला भीती वाटू लागली. आता घरी आहे." शाळेबद्दल त्याचे मत काय? चांगलेही नाही, वाईटही नाही. त्याच्यापुरती शाळाच संपली होती.

आता सांगा, यातला खरा कोण आणि खोटा कोण?

भावांनो, मी शेती कॉलेजात शिकलो. तिथे पहिल्या वर्षी मातीचा नमुना घ्यायला शिकवतात. बांधाखालची माती घेऊ नका, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची तर नकोच. वरचा पालापाचोळा बाजूला करा. रानात नागमोडी चाला. वीतभर खोल खड्डे घ्या, सगळी माती एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. असे करत अर्धा किलो उरली की ती तपासायला पाठवा. का? एका मुठीवरून रान पारखले तर हिशेब चुकतो आणि खताचा पैसा वाया जातो.

शाळेबद्दलचे आपले प्रत्येकाचे मत ही अशी एकेक मूठ आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईने पोरीच्या सुरक्षिततेची मूठ उचलली. टेम्पोवाल्याने भागाकाराची. कोळणीने आठवणीची. चौथ्याची मूठ रिकामी होती. चौघेही खरे बोलत होते. पण चौघांची मुठभर माती कोणी एकत्र केली नव्हती.

दुसरी गोष्ट. काळ्या रानातले एकरी उत्पन्न आणि मुरमाड रानातले एकरी उत्पन्न शेजारी ठेवून बियाणे चांगले की वाईट हे आपण ठरवत नाही. ठरवणाऱ्याला वेड्यात काढतो. शाळांच्या बाबतीत मात्र हेच करतो. खाजगी शाळा फी लावते. फीच्या चाळणीतून जो वर राहतो तोच पोरगा तिच्या वर्गात बसतो. त्याला घरी टेबल-खुर्ची, संध्याकाळी शिकवणी. सरकारी शाळेत येते ते पोर घर पाडलेले, वर्षाच्या मध्यात आलेले, ऊसतोडीला जाऊन परत आलेले. दोघांचे मार्च महिन्याचे मार्क शेजारी ठेवून काय कळणार? पाहायचे ते हे, की जूनमध्ये पोर कुठे होते आणि मार्चमध्ये कुठे आले. वाढ किती झाली ते मोजा.

याचा अर्थ सरकारी शाळेला सगळे माफ, असा कोणी घेऊ नये. मुरमाड रान आहे म्हणून पेरणीच करायची नाही, हे चालणार नाही. सातवीच्या पोराला भागाकार येत नसेल तर तो गुन्हा आहे. फक्त तो कोणाचा, हे तपासून बोला. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. जागा भरलेली आहे का? गुरुजी वर्गात आहेत की जनगणना-निवडणुकीच्या कामावर? न तपासता गुरुजींना शिव्या देणे सोपे आहे. त्याने भागाकार येत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. दुसऱ्याला सांगायचे तर आपले झाकून चालत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. माझी मुलगी मात्र पाचवीनंतर तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली. मला तेव्हा वाटले, गावच्या शाळेच्या पटावरून एक मुलगी कमी झाली, एवढेच. पण त्या शाळेच्या बैठकीत हिशेब विचारणारा, अर्ज लिहिणारा जो पालक होता तोही त्याच दिवशी उठून गेला. माझ्यामागे आणखी चार-पाच जण गेले. उरले ते मजुरीवर जाणारे. त्यांना बैठकीची वेळ परवडत नाही. मग शाळा बिघडली, आणि आम्हीच म्हणू लागलो, बघा, आम्ही सांगत होतो ना!

मुलीला काढले याची मला लाज नाही. लेकराचे भले पाहणे हा आईबापाचा हक्क आहे. पण शाळेकडे पाठ फिरवली, ती माझी चूक होती.

हा प्रश्न नवा नाही. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले, की सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांना. तेव्हा गावच्या प्राथमिक शाळांकडे आधी पाहा. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आणि 2023 मध्ये आपल्या राज्य सरकारने काय केले? 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पट का घसरला, हे कोणी विचारले? शाळा लांब गेली की पहिली घरी बसते ती मुलगी. माहुलच्या त्या बापाने मला हेच सांगितले. माहुलला बसचे भाडे आडवे आले. आपल्याकडे ओढा आडवा येईल.

तेव्हा करायचे काय? कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात चारांत तीन सभासद पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. बऱ्याच गावांत ही समिती कोणत्या सह्यांवर चालते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने तीन गोष्टी कागदावर आणायच्या. एक, शिक्षकांच्या जागा किती आणि भरलेल्या किती. दोन, सहावीतल्या प्रत्येक मुलाला एक उतारा वाचता येतो का, एक भागाकार येतो का. हे गुरुजींना बरोबर घेऊन जूनमध्ये पाहा आणि मार्चमध्ये पुन्हा पाहा. तीन, पटावर नाव आहे पण पोर येत नाही, अशी मुले कोणती आणि का येत नाहीत. ही तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची, कारण त्यांचे आईबाप बैठकीला येत नाहीत. त्यांच्या घरी जावे लागेल. वस्तीवर जा, वीटभट्टीवर जा. नागमोडी चाला, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि बैठक रात्री आठला ठेवा, म्हणजे मजुरीवरची बाई येऊ शकेल.

ज्यांची मुले खाजगी शाळेत आहेत त्यांनीही गावच्या शाळेच्या कामाला यावे. समितीत बसता येणार नाही, पण अर्ज लिहिता येतो, ग्रामसभेत प्रश्न विचारता येतो. मी माझ्या गावात या महिन्यापासून जाऊ लागलो आहे. पहिल्या दिवशी एकाने टोमणा मारला, "पोरगी तालुक्याला आणि बाप इथे?" मी म्हटले, बरोबर आहे तुझे, आता कागद दे इकडे.

तीन याद्या घेऊन पुढच्या बैठकीला या. एवढे बोलून मी थांबतो.