लोंढ्याहून एका दिवसात

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कशावर बोलणार, असं मंडळानं विचारलं तेव्हा आम्ही ‘एका दिवसाची सहल’ हा विषय दिला. कार्यकारिणीतले एकजण हसले. म्हणाले, “सहलीवर भाषण कसलं करायचं? सहलीला जायचं असतं.” त्यांचं बरोबर आहे. पण आपण जात नाही, म्हणून बोलायचं.

आम्ही म्हणजे लोंढ्यातली चार-पाच घरं. कुणी रेल्वेत, कुणी शाळेत, एकाचं किराणा दुकान आणि तुमच्यापुढे उभा आहे तो डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला. गेली काही वर्षं आम्ही सगळे मिळून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सकाळी निघतो आणि रात्री जेवायला घरी येतो. मुक्काम नाही, हॉटेल नाही. सोबत दशम्या, शेंगाचटणी, दहीभात.

आपलं गाव जंक्शन आहे. एक रूळ खानापूर-बेळगावकडे, दुसरा धारवाड-हुबळीकडे, तिसरा कॅसलरॉकवरून गोव्याकडे. दिल्लीहून निघालेली माणसं आपल्या फलाटावर चहा पिऊन पुढं जातात आणि घाटात दूधसागर बघतात. आपण मात्र गाडीला हात करून घरी येतो. आमच्या शेजारी एक आजी आहेत. यजमान रेल्वेत गँगमन होते. चाळीस वर्षं त्यांनी डबा भरून दिला, पण दूधसागर कधी पाहिला नव्हता. सहलीचा पहिला विचार त्यांच्यामुळेच आमच्या डोक्यात आला.

आता लोंढ्याहून एका दिवसात काय काय होतं, ते ऋतूप्रमाणे सांगतो.

सप्टेंबरच्या सुमाराला धारवाडच्या कृषी विद्यापीठात कृषी मेळा भरतो. बियाणं, अवजारं, जनावरं, फळं-फुलं सगळं एका आवारात. मुलांना सर्वांत आवडतं ते किड्यांचं प्रदर्शन. आम्ही आजींना तिथं घेऊन गेलो. झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांपाशी त्या थांबल्या आणि सर्दी-खोकल्याला या मुंग्यांची चटणी कशी करतात, ते सांगू लागल्या. आमची मुलं ऐकत होतीच, पण बाजूची धारवाडची कानडी मुलंही थांबली. मग एकानं कानडीत, एकानं मराठीत असा तो पाठ पंधरा मिनिटं चालला. घरी ज्या आजीला मुलं “तुला काय कळतं” म्हणायची, ती त्या दिवसापासून आमच्या सहलीची बाई झाली.

तसंच पुढं हुबळीला गेलं की स्टेशनजवळ रेल्वे संग्रहालय आहे, २०२० साली सुरू झालेलं. जुनी इंजिनं, सिग्नलचे कंदील, तिकिटांची यंत्रं. रेल्वेवर पोट असलेल्या आपल्या गावाच्या मुलांनी हे पाहायलाच हवं. हुबळीचा फलाटही बघण्यासारखा आहे. १५०७ मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब म्हणून मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आमच्या पोरांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पावलं मोजली. प्रत्येकाची मोजणी वेगळी आली आणि परतीच्या गाडीत त्यावरच भांडण झालं!

ऑक्टोबरात कित्तूर उत्सव. २३ ऑक्टोबर १८२४ या दिवशी राणी चन्नम्माच्या फौजेनं इंग्रजांना हरवलं, त्यात त्यांचा अधिकारी थॅकरे मारला गेला. मिरवणूक, कुस्त्या, प्रदर्शनं सगळं असतं. राणीचा शूर शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिलं, ते आपल्याच तालुक्यातल्या नंदगडला. प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन झालं की तिथं जाऊन यावं. मुलांना त्या तारखेचे दोन्ही अर्थ कळतात.

थंडीत बेळगावला चला. ह्यूम पार्कात बागायत खात्याचं फळाफुलांचं प्रदर्शन भरतं. फुलं बघून झाली की बायका रोपं, कुंड्या आणि खतं यांच्या चौकशीला लागतात. आमच्या आळीतल्या परसांत आज जी शेवंती आहे, तिची सुरुवात अशाच एका प्रदर्शनातून आणलेल्या रोपांनी झाली. त्याच दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी, डोक्यावर कलश घेतलेल्या मुली, दिवसभर भाषणं आणि कवी संमेलन. पुस्तकांच्या स्टॉलवर पन्नास रुपयांत मुलाच्या हाती एक पुस्तक येतं. मोठ्या शहरातल्या संमेलनाला आपण जाऊ शकत नाही, पण शेतकऱ्यांनी भरवलेलं संमेलन आपल्या तासा-दोन तासांवर आहे.

खेळांचं म्हणाल तर बेळगावच्या मातीत कुस्ती आहे, हॉकी आहे, फुटबॉल आहे. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघातले बंडू पाटील बेळगावचे. जून २०१९ मध्ये बेळगावच्या मैदानावर श्रीलंका अ संघाविरुद्ध ऋतुराज गायकवाडनं नाबाद १२५ धावा केल्या, आणि समोर नाबाद १०९ वर शुभमन गिल होता. आज ही नावं टीव्हीवर बघायला आपण रात्री जागतो. तेव्हा ती आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर खेळत होती! आणि कुस्तीचं मैदान तर मुलांना एकदा दाखवाच. हलगी घुमायला लागली, पैलवानांनी शड्डू ठोकला की मोबाईल आपोआप खिशात जातो.

पावसाळ्यात दूधसागर. पण तो गाडीच्या खिडकीतूनच. रुळांवरून चालत जायला मनाई आहे. जुलै २०२३ मध्ये नियम मोडून गेलेल्या तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिलं. कॅसलरॉक ते कुळे हा घाट ३७ फुटांना एक फूट अशा चढाचा आहे. गाडी सावकाशच जाते, बघायला वेळ मिळतो. आजींनी दूधसागर पाहिला तेव्हा हात जोडले आणि “एवढ्या आवाजात हे रोज कामाला यायचे” एवढंच म्हणाल्या.

आणि उन्हाळ्यात आपला तालुका. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, जिथं बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी होती. मलप्रभेच्या काठावरचं असोगा. खानापूरची मातीची भांडी आणि तिथली कुंभारकामाची संस्था. कणकुंबीला मलप्रभेचा उगम.

इथं एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. आपल्या तालुक्यात पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. मलप्रभेचं पाणी कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जातं. म्हादईचं पाणी गोव्यात जातं. आपल्या लोंढ्याच्या बाजूचं पाणी पांढरी नदीतून सुपाच्या धरणात, काळी नदीत आणि कारवारला. या पाण्याबद्दल, जंगलाबद्दल, रुळांबद्दल रोज पेपरात काही ना काही येतं. आम्ही सरकारी नोकर, त्या वादांवर मत द्यायचं नाही. पण उद्या आपल्या मुलांना मत द्यावं लागेल. ज्यानं कणकुंबीचा झरा ओंजळीत घेतला नाही, भीमगडचं रान पाहिलं नाही, तो कशाच्या आधारावर बोलणार?

आणि वेळ थोडा आहे. बारावी झाली की मुलं वेर्ण्याच्या कारखान्यात, पुण्यात, बेंगळूरला जातात. सणाला येतात, दोन दिवसांत परततात. आपल्या हातात ती असतात ती जेमतेम बारा-पंधरा वर्षं. तेवढ्यात जे दाखवाल, तेच त्यांचं गाव.

अडचणी आम्हालाही आहेत. गुरं कोण बघणार? घरं पाळी लावतात. पैसे? ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही. ओळखपत्र घ्या आणि बसा. या एका गोष्टीनं आमच्या सहलीतल्या बायकांची संख्या दुप्पट झाली. पूर्वी “तुम्ही जाऊन या” म्हणणाऱ्या आता “कधी जायचं?” विचारतात. अभ्यास बुडतो? एक रविवार बुडला तर बुडू द्या.

नियम आमचे तीनच. प्रत्येक घरानं एक म्हातारं माणूस सोबत आणायचं. कचरा पिशवीत घालून परत आणायचा. आणि परत आल्यावर मुलानं वहीत दहा ओळी लिहायच्या, मराठीत किंवा कानडीत.

मंडळाला आमची विनंती आहे की हे काम चार-पाच घरांपुरतं राहू नये. मंडपात वही ठेवली आहे. गणपती विसर्जन झालं की पहिली सहल धारवाडच्या मेळ्याची. ज्यांना यायचं त्यांनी नावं लिहा. आजींनी आपलं नाव सर्वांत वर लिहिलंही आहे.