डॉक्टर सेवर्डची शंका



कामगार संघटनेच्या माणसाने पिशाचांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटले असेल. पण मार्क्सने १८६७ सालच्या ‘भांडवल’ ग्रंथात भांडवलाला रक्त पिणाऱ्या पिशाचाची उपमा दिली आहे, तेव्हा विषय आम्हांला अगदीच परका नाही. आज मात्र मार्क्स राहू द्या. आम्ही बोलणार आहोत ते ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ सालच्या कादंबरीतल्या एका डॉक्टरविषयी.

डॉक्टर सेवर्ड लंडनजवळ वेड्यांचे इस्पितळ चालवतो. गृहस्थ मोठा पद्धतशीर. रोजनिशीसुद्धा फोनोग्राफवर बोलून ठेवतो. लूसी नावाच्या मुलीवर त्याचे प्रेम आहे, ती दुसऱ्याला वरते. पुढे ती पांढरीफटक पडू लागते, तेव्हा चौघे जण तिला आपले रक्त देतात. त्यांत सेवर्ड दुसरा. म्हणजे ज्या पिशाचाची त्याला कल्पनाही नाही, त्याच्या पोटात याचे रक्त आधीच गेले!

लूसी मरते. हॅम्पस्टेडच्या मुलांच्या गळ्यांवर चावे दिसू लागतात. सेवर्डचे गुरू व्हॅन हेल्सिंग सांगतात, हे काम लूसीचेच. सेवर्ड संतापतो. गुरू त्याला थडग्याशी नेतात, शवपेटी रिकामी! तरी हा म्हणतो, कोणी प्रेतचोराने प्रेत नेले असेल. आम्हांला या शंकेचा राग येत नाही. पुराव्यावाचून मान डोलावणारा डॉक्टर काय कामाचा?

आमची तक्रार वेगळी आहे. सरदार ड्रॅक्युला मायदेशच्या मातीच्या ५० पेट्या घेऊन इंग्लंडात आला. त्या पेट्यांत तो निजतो. त्याने घेतलेला वाडा सेवर्डच्या इस्पितळाला लागून. इस्पितळातला एक वेडा पळून त्याच वाड्याच्या दाराशी जातो आणि धन्याला हाका मारतो. सेवर्ड ते रोगाचे लक्षण म्हणून टिपतो. पेट्या हलवणाऱ्या गाडीवानांवर तो वेडा धावून जातो, सेवर्डचा मदतनीस दोघा गाडीवानांची नावे आणि पत्ते लिहून घेतो. कागद इस्पितळातच! पुढे हार्कर नावाचा वकील त्या माणसांच्या घरी जातो. स्मॉलेट आपली चुरगळलेली वही काढतो: सहा पेट्या इथे, सहा तिथे. ब्लॉक्सम नावाचा मजूर पिकॅडिलीतले घर सांगतो. ग्रंथांनी पिशाच कसे मारावे ते सांगितले. ते कुठे निजते ते हमालांना ठाऊक होते.

आमच्या सूतगिरणीतले कामगार सांगत, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते. तपासणाऱ्या डॉक्टरने ऐकले आणि बिडी सोडायला सांगितले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचे हेच लक्षण. कोणत्या खात्यात कोण खोकतो याची यादी आमच्या जॉबरपाशी होती. डॉक्टरसाहेब खात्यात कधी उतरले नाहीत.

असो. कादंबरीत अखेर पिकॅडिलीच्या घरात मंडळी सरदाराला गाठतात. हार्करच्या सुऱ्याने त्याचा कोट फाटतो. श्रोतेहो, त्यातून रक्त पडत नाही. नोटांचे पुडके आणि सोन्याची नाणी घळाघळा पडतात. सरदार जीव घेऊन पळतो खरा, पण पळताना वाकून मूठभर पैसे उचलून घेतो.