‘थोडेसे’ या शब्दाचे वजन

अतिशयोक्ती हा अलंकार शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. तिच्या उलट जी रीत, म्हणजे मोठी गोष्ट मुद्दाम लहान करून सांगण्याची, तिला अल्पोक्ती म्हणता येईल. इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात ही रीत इतकी मुरली आहे की तीसाठी त्यांना अलंकारशास्त्र उघडावे लागत नाही. ‘अ बिट’ एवढे पुरते.

‘बिट’ म्हणजे मूळचा घास, दाताने तोडलेला तुकडा. ‘बाइट’ या क्रियापदाचा तो सोयराच. घरगुती बोलण्यात त्याचा अर्थ ‘थोडेसे’. पण कोशातला तेवढाच अर्थ पदरी बांधून जाणारा परका माणूस हमखास फसतो. नखशिखांत भिजून आलेला इंग्रज बाहेर ‘थोडेसे ओले’ असल्याचे सांगतो. वरिष्ठाने आपण ‘थोडेसे निराश’ झालो असे म्हटले, की हाताखालच्याने साहेब संतापले आहेत असे समजावे. स्वतःच्या दुःखाचा वा धाडसाचा गाजावाजा करणे अशिष्ट, ही समजूत त्यामागे आहे.

मराठीला ही रीत अगदीच परकी नाही. कडक सासूने ‘आमटी बरी झाली होती’ म्हटले, तर सुनेने ते प्रशस्तिपत्रच मानावे! मात्र बांगडी फुटली असता ती ‘वाढली’ म्हणतात, त्याची जात वेगळी. तेथे अशुभ उच्चाराची भीती असते; इंग्रजाला लाज असते ती भावना उघडी पडण्याची.

२४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत सापडून ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची चारही एंजिने बंद पडली. कप्तान एरिक मूडी यांनी उतारूंना सांगितले की एक लहानशी अडचण आहे, चारही एंजिने थांबली आहेत. पुढे एंजिने पुन्हा सुरू झाली व विमान जाकार्ताला सुखरूप उतरले. अडचणीला त्यांनी लहान म्हटले खरे, पण एंजिनांचा आकडा लपवला नाही. म्हणून कोणाची दिशाभूल झाली नाही.

याच्या एकतीस वर्षे आधी कोरियात नेमके उलटे घडले. एप्रिल १९५१ मध्ये इम्जिन नदीवर ब्रिटिशांची २९ वी ब्रिगेड चिनी सैन्याच्या प्रचंड लोंढ्याला तोंड देत होती. तिच्यातील ग्लॉस्टरशायर पलटण एका टेकडीवर वेढली गेली. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन सेनानीला, जनरल सोल यांना, परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ असल्याचे कळवले, असे सांगतात. ‘स्टिकी’ म्हणजे चिकट. पाऊस पडून वाळू लागलेल्या खेळपट्टीला क्रिकेटमध्ये हेच विशेषण लावतात. तिच्यावर चेंडू कसा उसळेल याचा नेम नसतो. दुसऱ्या इंग्रजाने हे शब्द ऐकते तर संकट गळ्याशी आले आहे हे तो उमगला असता. अमेरिकन सेनानीने ते शब्दशः घेतले: अवघड आहे, पण निभावेल. पलटणीला जागा न सोडण्याचा हुकूम राहिला.

सर्व दोष त्या दोन-तीन शब्दांवर टाकणे ही मात्र अतिशयोक्तीच होईल. सुटकेसाठी रणगाड्यांसह कुमक पाठवण्यात आली होती. पण चिंचोळ्या खोऱ्यात पुढचाच रणगाडा निकामी झाला आणि वाट अडली. तरीही भाषा एकच असताना शब्दाचे वजन दोन तराजूंत निरनिराळे भरले, हे खरे. ब्रॉडींनी उरलेल्या माणसांचा आणि काडतुसांचा आकडा त्याच दमात सांगितला असता, तर तो दोघांनाही सारखाच कळला असता.

२५ एप्रिलला माघारीची मुभा मिळाली, तोपर्यंत वाट उरली नव्हती. पलटणीतील पाचशेहून अधिक जण कैद झाले. थोडे लोकच निसटून आपल्या फळीत पोचले. त्यांचे नायक लेफ्टनंट कर्नल कार्न हेही कैदेत गेले. १९५३ मध्ये ते सुटले, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.