उपनगरातील घर आणि त्यामागील गणित
(वार्षिक संमेलनातील भाषण)



संशोधन या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, दुर्बीण किंवा जुन्या पोथ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु येथे जमलेली बहुतेक कुटुंबे अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या भागांतील असून राहते घर हाच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार होय. म्हणून घराचे अर्थशास्त्र आणि त्यास लागणारे गणित यांकडेच आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

आपले वाडवडील गिरगाव-दादरच्या चाळी सोडून इकडे का आले? जागा अपुरी पडली, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाणभूत धरले. युद्धोत्तर टंचाईच्या त्या दिवसांत भाडेकरूस संरक्षण देणे न्याय्यच होते. परंतु तात्पुरता म्हणून घातलेला हा बांध अर्धशतक टिकला, आणि त्याचे परिणाम कोणीही न योजिलेल्या दिशांनी वाहत गेले. चाळ बांधून ती भाड्याने देणे हा धंदा आतबट्ट्याचा ठरला. मिळणाऱ्या भाड्यात डागडुजीही भागेना, तेव्हा मालकाने ती सोडली आणि १९६९ साली शासनास त्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले. कायद्याने दाराबाहेर ठेवलेली किंमत पागडीच्या रूपाने खिडकीतून आत आली, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असा निर्णय डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात दिला. पुढे १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात येऊन वर्षास ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. नव्याने भाड्याची जागा मिळण्याची आशा ज्यास उरली नाही, तो मध्यमवर्गीय कर्ज काढून उपनगरात मालकीच्या घराकडे वळला.

त्या घराचा साचा मात्र सहकाराने आधीच घडविला होता. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. इमारत संस्थेची आणि राहणारा तिचा भाडेकरू व भागीदारही, अशी ती योजना होती. पुढे १९५० व १९५७ साली उपनगरे टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली; १९६० चा सहकार कायदा व १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा झाला; आणि आज आपण राहतो त्या इमारती उठल्या. हा मार्ग प्रथम ज्ञातीच्या आधाराने निघाला, याचा आपणांस अभिमान वाटतो. परंतु एका ज्ञातीचे दार म्हणजे इतरांस भिंत, हेही विसरता येत नाही. अहमदाबादेतील पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व मर्यादित ठेवणारा उपविधी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. वैध आहे म्हणून ते इष्टही आहे, असे आम्हांस वाटत नाही. उपनगरांत नाना तऱ्हेचे शेजारी लाभले, यात आमचा फायदाच झाला.

आता गणिताकडे येतो. घराच्या दुरुस्तीसाठी कोणी १ लाख रुपये ५ वर्षांच्या मुदतीने 'सरळ १० टक्के' व्याजाने देऊ करतो. व्याजाचे ५० हजार मुदलात मिळवून ६० हप्ते पाडले, म्हणजे महिन्यास २,५०० रुपये. वरवर पाहता दर १० टक्के. परंतु मुद्दल महिन्यागणिक फिटत असता व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर आकारले गेले. मग घटत्या शिलकेवर खरा दर किती? येथे सूत्र उलटे फिरवून उत्तर निघत नाही. अंदाजाने दर घ्यावा, हप्ता काढावा, चूक पाहून दर सुधारावा, असेच चालावे लागते. १० टक्क्यांनी हप्ता सुमारे २,१२५ येतो, १५ टक्क्यांनी २,३७९, २० टक्क्यांनी २,६४९. १७ टक्क्यांनी २,४८५ येतो, म्हणजे आपण जवळ आलो. खरा दर सव्वासतरा टक्क्यांहून किंचित अधिक भरतो! उत्तर स्थिर होईपर्यंत तेच कर्म पुनःपुन्हा करण्याच्या या रीतीस आपले सिद्धान्तकार 'असकृत्कर्म' म्हणत आणि तिने ग्रहांची स्थाने काढीत. आज संख्यात्मक गणित या नावाने ती मोठी विद्याशाखा झाली आहे.

याच गणिताची गरज आज पुनर्विकासाच्या वेळी सर्वाधिक आहे. २०१९ च्या शासकीय निर्देशांप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आणि सभेत चर्चा चालते ती बहुधा वाढीव चौरस फुटांची. कॉर्पसचा आकडा ऐकून टाळ्या पडतात. समजा, एका निवृत्त दांपत्यास १० लाखांचा कॉर्पस मिळाला आणि लिफ्ट, पंप, पहारेकरी, वाहनतळ यांपायी मासिक देखभाल खर्च ८,००० रुपयांनी वाढला. ७ टक्के दराने १० लाखांचे व्याज महिन्यास ५,८३३ रुपये. उरलेले मुदलातून जाणार. खर्च तेवढाच राहिला तर रक्कम पावणेएकोणीस वर्षे पुरेल. पण तो तेवढाच राहत नाही. दरसाल ६ टक्क्यांनी वाढला, तर साडेअकरा वर्षांतच ती संपते. साठाव्या वर्षी टाळ्या वाजविणारा गृहस्थ बाहत्तराव्या वर्षी, चकचकीत इमारतीत, देखभालीचे बिल कशातून भरावयाचे या विवंचनेत पडेल. पुनर्विकास नको, असे आमचे म्हणणे नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या गळक्या इमारतीत राहणे हे शहाणपण नव्हे. परंतु मतदानापूर्वी हा कोष्टकरूप हिशेब प्रत्येक सभासदाच्या हाती असलाच पाहिजे. शिवाय जमीन संस्थेच्या नावे झाली आहे की नाही, हेही आधी पाहावे. मूळ विकासकाने हस्तांतरण केलेले नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ च्या दुरुस्तीने झालेली आहे.

हे हिशेब कोणी करावयाचे? १९५८ साली स्थापन झालेली पवईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था आणि १९८७ साली स्थापन झालेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आपल्या उपनगरांतच उभी आहे. आपली मुले अभियांत्रिकी व वैद्यकाकडे रांगा लावतात, ते योग्यच आहे. पण घरभाडे, कर्ज आणि जमीन यांचा अभ्यास करणारा आपल्यात क्वचितच आढळतो. आपल्या शिक्षण निधीतून दरवर्षी एक शिष्यवृत्ती गृहनिर्माणाचे अर्थशास्त्र किंवा संख्यात्मक गणित यांत पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास अथवा विद्यार्थिनीस द्यावी. तिच्या मोबदल्यात त्याने किंवा तिने सभासदांच्या पाच-सहा गृहसंस्थांचे ताळेबंद, नावे वगळून, तपासावेत आणि निष्कर्ष या स्मरणिकेत द्यावेत. ही सूचना मंडळापुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.