मार्कंडेयाचा इशारा



चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेले मार्कंडा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. महाशिवरात्रीच्या यात्रेत आपण दर्शन घेतो, भिंतींवरील कोरीव मूर्तींकडे मान वर करून पाहतो आणि परततो. ज्या ऋषीचे नाव त्या क्षेत्राला मिळाले, तो काय सांगून गेला याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आज तीच करावी म्हणतो.

महाभारताच्या वनपर्वात हे सांगणे आले आहे. पांडव काम्यकवनात आहेत. द्यूतात राज्य गेले आहे. श्रीकृष्ण व सत्यभामा भेटीस आलेली आहेत. तेथे मार्कंडेय येतो आणि युधिष्ठिराच्या प्रश्नावरून युगान्ताचे वर्णन करतो. त्यात अग्नी व पूर आहेतच. पण माझे मन अडते ते साध्या गोष्टींपाशी. व्यापारी खोट्या मापाने माल विकतील. विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवली जाईल. थोडेसे धन हाती आले की माणूस स्वतःला कुबेर समजू लागेल. आणि लोक बागा व झाडे तोडतील. कशी? तर ‘निर्व्यथ’ होऊन.

हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. झाडे तर अर्जुनानेही जाळली. खांडववन आपण विसरलो नाही. ऋषीचा रोख कुऱ्हाडीपेक्षा ती चालवताना मनात काहीच न हलण्यावर आहे.

असेच बोलणारा एक माणूस ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात इस्राएलात होऊन गेला. आमोस त्याचे नाव. मेंढरे राखावीत, उंबरांची निगा करावी, हा त्याचा धंदा. देश भरभराटीत होता, श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळत होते, धान्याचे माप लहान आणि पैशाचे वजन मोठे करून गरिबाला नागवत होते. आमोसाने ते तोंडावर सांगितले, तेव्हा बेथेलच्या याजकाने त्याला देशातून चालते व्हायला फर्मावले. दोन भिन्न धर्मांचे ग्रंथ, पण बोट दोघांचेही तागडीवर! मार्कंडेय मात्र भाग्यवान. त्याला श्रोता मिळाला तो सर्वस्व गमावलेला राजा. ‘अभिमान पुरे’ हे त्याच राजाला ऐकवले गेले, आणि त्याने ते मुकाट्याने मान्य केले. ज्याच्याजवळ अजून सर्व काही आहे, त्याला ऐकणे जड जाते.

आपल्या या दोन जिल्ह्यांत धन जमिनीखालीही आहे आणि जमिनीवरही. चंद्रपूरच्या आसपास दगडी कोळसा, एटापल्लीकडे सुरजागडचे लोखंड, सर्वत्र सागवान व बांबू. मी खाणी-कारखान्यांना शिव्या द्यायला उभा नाही. माझे टिपण कागदावरच आहे, आणि कागद बांबूचाही होतो हे बल्लारपूरच्या शेजाऱ्यांना मी काय सांगावे! प्रश्न मापाचा आहे. ज्याच्या दारातले रान जाते, त्याच्या पदरात काय पडते? आणि हा हिशोब मांडताना कोणाला व्यथा होते का?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे माप आपल्या हाती घेतले. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार मिळायला दोन वर्षे झगडावे लागले. 27 एप्रिल 2011 रोजी तो ग्रामसभेच्या हाती आला. बांबू तेथेही तोडला जातो, विकलाही जातो. पण गावाचा निर्णय बहुमताने होत नाही. सर्वांची संमती लागते. एकाने जरी ‘नाही’ म्हटले, तरी त्याचे समाधान होईपर्यंत विषय थांबतो.