मेट्रोचे भाडे आणि येरमाळ्याचा थांबा

(येरमाळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावात रेल्वेचे रूळ नाहीत, ज्या गावचा माणूस आगगाडीसाठी येडशीला किंवा बार्शीला जातो, त्या गावात मुंबई-पुण्याच्या मेट्रोवर व्याख्यान ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, ज्या पैशातून मेट्रो उभी राहते तो पैसा एकट्या मुंबईचा नाही. कळंब तालुक्यातला शेतकरी खत, डिझेल, कापड आणि औषध विकत घेताना जो कर भरतो, तोही त्या पैशात आहे. दुसरे उत्तर याहून जवळचे आहे. बालाघाटच्या या पठारावरून दर अवर्षणात माणसे बाहेर पडतात. कुणी कोयता घेऊन कारखान्यावर जातो, कुणी चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कंत्राटावर लागतो, कुणी मुंबईत पहाऱ्यावर उभा राहतो. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेसाठी ही माणसे परत येतात, तेव्हा हे स्थलांतर केवढे मोठे आहे ते गावाला दिसते. म्हणजे महानगरातला प्रवास हा येरमाळ्याच्याच मुलांचा रोजचा प्रवास आहे.

या भागाला रेल्वेचा इतिहास नाही असेही नाही. इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली आणि १९११ साली ती लातूरपर्यंत नेली. १९५४ साली ही कंपनी राष्ट्राच्या मालकीची झाली. परंतु रूळ रुंद होऊन लातूरची मोठी गाडी कुर्डुवाडीमार्गे मुंबईला जाऊ लागण्यास २००८ साल उजाडावे लागले. मालकी बदलली तरी अग्रक्रम आपोआप बदलत नाही, हा धडा या छोट्या गाडीने शंभर वर्षे दिला. मेट्रोचा विचार करताना तो विसरता येणार नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मेट्रोला विरोध करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर गाडीतून पडून किंवा रूळ ओलांडताना दरवर्षी मोठ्या संख्येने माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च गाड्यांच्या दारांतून माणसे रुळांवर कोसळली. अशा शहरात दारे बंद करून धावणारी, वेळेवर येणारी, धूर न सोडणारी गाडी हवीच. मुंबईची जुनी रेल्वे दक्षिणोत्तर धावते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे तर बसमध्ये तासन्‌तास अडकून पडणे किंवा दादरचा वळसा घेणे एवढेच मार्ग होते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मेट्रो सुरू झाली आणि हे अंतर सुमारे २१ मिनिटांत पार होऊ लागले. श्रमिकाच्या दिवसातला तास-दीड तास वाचणे ही मोठी गोष्ट आहे. तो वेळ त्याच्या झोपेचा असतो, मुलांचा असतो, कधी संघटनेच्या बैठकीचाही असतो.

मेट्रोत आणखी एक गोष्ट स्वागतार्ह आहे. तिच्यात पहिला आणि दुसरा वर्ग नाही. भारतीय रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग नावापुरता बंद केला, परंतु लाकडी बाके तशीच राहिली. १९७७ साली प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या फळ्यांवर दोन इंच फोम बसविण्याचा निर्णय घेतला. वरच्या वर्गाच्या सुखसोयींना हात न लावता खालच्या वर्गाचा प्रवास माणसाला शोभेल असा करावा, ही त्यामागची दृष्टी होती. त्या दृष्टीने पाहिले तर सर्वांना एकच डबा, एकच आसन आणि एकच गारवा देणारी मेट्रो ही समतेच्या दिशेने पडलेले पाऊल म्हणावी लागेल. मात्र डब्यात नसलेला वर्ग स्थानकाच्या दारावर उभा आहे. तो तिकिटाच्या रूपाने उभा आहे.

थोडा हिशेब पाहू. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास ३१५ रुपये. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३३.५ किलोमीटरची. तिचे पूर्ण अंतराचे एकेरी भाडे ७० रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस जाऊन-येऊन प्रवास करणाऱ्यास एकेरी तिकिटाच्या दराने साडेतीन हजार रुपये लागतील. महिना पंधरा हजारांवर राबणारा पहारेकरी पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा प्रवासावर कसा घालणार? तो लोकलच्या दारातच लटकणार. जीव धोक्यात घालून स्वस्त प्रवास करावा की पोट मारून सुरक्षित प्रवास करावा, एवढीच निवड ज्या व्यवस्थेने श्रमिकापुढे ठेवली आहे, ती व्यवस्था सार्वजनिक म्हणवून घेण्यास पात्र आहे काय?

भाड्याचा हा प्रश्न पहिल्या मेट्रोपासूनच चालत आला आहे. वर्सोवा-घाटकोपर मार्ग खाजगी भागीदारीतून उभा राहिला. त्या कंपनीत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वाटा ६९ टक्के, तर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा २६ टक्के होता. मूळ करारात ९ ते १३ रुपये भाडे ठरले होते. पुढे बांधकामाचा खर्च वाढल्याचे कंपनीने सांगितले आणि भाडे १० ते ४० रुपयांवर गेले. त्यावरून झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. हैदराबादमध्येही असाच अनुभव आला. तिथली मेट्रो २०१७ साली खाजगी कंपनीच्या हाती सुरू झाली आणि २०२५ साली ती ताब्यात घेण्याची तयारी तेलंगण सरकारला दाखवावी लागली. नफ्याची खात्री असेल तोवर खाजगी आणि तोटा दिसू लागला की सार्वजनिक, अशी ही भागीदारी आहे.

भाडे वाढले की काय होते, याचीही उदाहरणे समोर आहेत. दिल्लीत मे आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये दोनदा भाडेवाढ झाली आणि कमाल भाडे ३० वरून ६० रुपयांवर गेले. दुसऱ्या वाढीनंतर रोजचे सुमारे तीन लाख प्रवासी घटल्याचे माहितीच्या अधिकारात उघड झाले. बंगळुरात फेब्रुवारी २०२५ मध्ये कमाल भाडे ६० वरून ९० रुपये होताच प्रवासीसंख्या खाली आली. गेलेले हे प्रवासी मोटारवाले नव्हते. पाच-दहा रुपयांचा फरक ज्यांना जाणवतो तेच लोक गेले. याउलट २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झालेली कोलकात्याची मेट्रो देशातली पहिली. ती रेल्वे खात्याकडे आहे आणि तिचे किमान भाडे आजही पाच रुपये आहे. स्वस्त मेट्रो अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

तिकिटापलीकडेही काही गोष्टी आहेत. मुंबईच्या लोकलला मालडबा असतो. कोळीण टोपली घेऊन, डबेवाला डबे घेऊन, भाजीवाला गाठोडे घेऊन त्यात चढतो. मेट्रोला मालडबा नाही. ओझे घेऊन पोट भरणारा माणूस तिच्या आराखड्यात धरलेलाच नाही. भुयारी मेट्रो वरळी, महालक्ष्मी, आचार्य अत्रे चौक अशा जुन्या गिरणगावाखालून जाते. १९८२ च्या संपानंतर तिथल्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि कामगारांची घरे विरार, बदलापूर, पनवेलकडे सरकत गेली. मेट्रो आली तेव्हा ती ज्यांच्या उपयोगी पडली असती ती माणसे तिथून निघून गेली होती. सार्वजनिक खर्चाने स्थानक उभे राहते आणि त्यामुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीचा लाभ मात्र बिल्डरच्या पदरात पडतो. त्या लाभातला न्याय्य हिस्सा वसूल करून स्थानकाजवळ श्रमिकांची घरे बांधणे हेच मेट्रोचे खरे नियोजन ठरेल.

पुण्याचे उदाहरण येरमाळ्याला अधिक परिचयाचे आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याची मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली. या भागातून पुण्याला जाणारा एसटीचा प्रवासी तिथेच उतरतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. म्हणजे येरमाळ्याची बाई स्वारगेटपर्यंत अर्ध्या तिकिटात येते आणि तिथून मेट्रोत पाऊल टाकताच तिला पूर्ण भाडे पडते. राज्य तेच आणि बाईही तीच. मग प्रवासाच्या निम्म्या वाटेवर तिचा हक्क का संपावा? शिवाय चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या तिच्या मुलापर्यंत मेट्रो पोहोचलेलीच नाही. त्याला पुढे कंपनीची बस नाहीतर कोंबून भरलेली रिक्षा गाठावी लागते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो : तोटा कोण भरणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आणखी एका खर्चाकडे पाहावे. मुंबईचा किनारी मार्ग सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्चून बांधला गेला आणि मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर टोल नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. मोटारीतून जाणाऱ्या एकट्या माणसाला कोट्यवधींचा रस्ता फुकट मिळतो, तेव्हा कुणी तोट्याचा हिशेब मांडत नाही. बस, लोकल आणि मेट्रोच्या प्रवाशाला सवलत द्यायची म्हटली की तिजोरीची आठवण होते. सवलत दोघांनाही मिळते. मोटारवाल्याच्या सवलतीला विकास म्हणतात आणि कामगाराच्या सवलतीला तोटा, इतकाच फरक.

९ मे २०२५ हा दिवस या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवसापासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. १९४७ साली ट्राम-बसची खाजगी कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली, तेव्हापासून बेस्ट ही देशातली आदर्श सार्वजनिक सेवा मानली जात होती. आज तिच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या काहीशेंवर आल्या आहेत आणि उरलेल्या कंत्राटदारांच्या आहेत. मेट्रोच्या स्थानकापर्यंत नेणारी बसच आटत गेली, तर भुयारावर ३७ हजार कोटी रुपये ओतून काय साधले?

हाच प्रश्न येरमाळ्याच्या फाट्यावर उभा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. मराठवाड्यात त्याआधीच, १९३२ पासून, निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा सुरू झाली होती आणि पुढे ती महाराष्ट्राच्या एसटीत विलीन झाली. म्हणजे प्रवास ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व या भागात सरंजामी राजवटीतही मान्य झाले होते. आज २०२१-२२ च्या दीर्घ संपातून गेलेली एसटी जुन्या गाड्यांवर कशीबशी चालते आहे. २५ जानेवारी २०२५ पासून तिच्या भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली आहे. शाळेच्या वेळेला गाडी चुकली तर मुलीचा दिवस बुडतो आणि असे दिवस वाढले की तिची शाळा सुटते. शहरातला पहारेकरी महाग तिकिटामुळे मेट्रोबाहेर राहतो, गावातली मुलगी गाडीच नसल्यामुळे शाळेबाहेर राहते. या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करणारे राजकारण सोपे आहे. "तुमचा पैसा मुंबईने नेला," असे इथे सांगायचे आणि "खेड्यांतून लोंढे येतात," असे तिथे सांगायचे. कार्यकर्त्यांनी या सापळ्यात सापडता कामा नये. जो पहारेकरी आहे तो याच मुलीचा भाऊ आहे.

म्हणून मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. एसटी, शहर बस, लोकल आणि मेट्रो यांचा एकच पास असावा आणि त्याची किंमत किमान वेतनाच्या प्रमाणात ठरावी. स्त्रियांना एसटीत मिळणारी सवलत मेट्रोतही मिळावी. मुंबईत १ मे २०२३ पासून वृद्ध, दिव्यांग आणि बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना काही मेट्रोमार्गांवर २५ टक्के सवलत मिळू लागली. तोच न्याय असंघटित कामगाराला लागू व्हावा. मेट्रोतील साफसफाई आणि सुरक्षेची कामे कंत्राटी न ठेवता कायम करावीत. मेट्रोच्या प्रत्येक नव्या टप्प्याबरोबर राज्याने एसटीच्या नव्या गाड्यांसाठीही ठरावीक रक्कम बांधून द्यावी आणि तिचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा.

मुंबईची भुयारे खणणाऱ्या यंत्रांना महाराष्ट्रातील नद्यांची नावे दिली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांतले पहिले यंत्र विमानतळाखाली भुयार पार करून बाहेर आले, त्याचे नाव गोदावरी होते. मराठवाड्याच्या नदीचे नाव यंत्राला देणे सोपे होते. मराठवाड्याच्या मजुराला त्या गाडीत बसता येईल असे भाडे ठरविणे आणि त्याच्या गावी वेळेवर एसटी पाठविणे हे काम अजून व्हायचे आहे. ते लोकांनी रेटा दिल्याशिवाय होणार नाही, आणि तो रेटा उभा करण्याची सुरुवात येरमाळ्याच्या बसथांब्यावर गाड्यांच्या वेळांची नोंद ठेवण्यापासूनही होऊ शकते. कोणती गाडी किती वाजता आली, कोणती रद्द झाली, किती मुली मागे राहिल्या, याची तीन महिन्यांची वही घेऊन कार्यकर्ते आगारप्रमुखांकडे गेले, तर त्यांचे म्हणणे टाळणे कुणालाही सोपे जाणार नाही.